खिम्याच्या गोळ्यात प्रथिने किती, पीठ किती?

‘भरपूर प्रथिने, नगण्य कर्बोदके’ असे वर्णन मिरवणाऱ्या पदार्थांमध्ये खिम्याच्या गोळ्याने, म्हणजेच पाश्चात्त्यांच्या ‘मीटबॉल’ने, चांगलेच बस्तान बसवले आहे. व्यायामशाळेत घाम गाळणारे तरुण, वाढत्या पोटाने चिंतित झालेले मध्यमवयीन आणि डॉक्टरांनी भात-पोळीवर बंधन घातलेले मधुमेही अशा तिघांनाही तो सोयीचा वाटतो. करायला सोपा, डब्यात नेता येणारा आणि ‘पीठ नाही’ या समाधानासह खाता येणारा हा पदार्थ आहे. वर्णन खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. गोळ्यातील कर्बोदकांचा आकडा लहानच असतो आणि तो फारसा हलत नाही. हलतो तो चरबीचा आकडा, आणि नेमक्या त्याच आकड्याविषयी हे वर्णन मौन पाळते.

खिम्याचे गोळे मराठी स्वयंपाकघराला नवे नाहीत. वाटलेल्या खिम्यात आले-लसूण, कोथिंबीर, गरम मसाला आणि थोडे डाळ्याचे पीठ घालून वळलेले गोळे रश्श्यात सोडण्याची किंवा पुलावात घालण्याची पद्धत अनेक मांसाहारी घरांत आहे. ‘कोफ्ता’ हा शब्द फारसी असून त्याच्या मुळाशी कुटणे या अर्थाचे क्रियापद आहे. पश्चिम आशियापासून बाल्कन प्रदेशापर्यंत हा शब्द थोड्याफार फरकाने आढळतो. स्वीडनला तर आपल्या या राष्ट्रीय पदार्थाचे मूळ तुर्कस्तानात असल्याची कबुली २०१८ मध्ये आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावरून द्यावीशी वाटली. पोल्टाव्हाच्या पराभवानंतर १७०९ पासून काही वर्षे ऑटोमन साम्राज्याच्या आश्रयाला राहिलेल्या बाराव्या चार्ल्स राजाने ही पाककृती सोबत नेली, असा तो दावा होता. राजाच्या सामानात पाककृती होती की नाही हा वाद इतिहासकारांचा. आहाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की स्वीडिश असो, इटालियन असो वा आपल्याकडचा, पारंपरिक गोळ्यात पाव, पीठ किंवा डाळ असतेच. ते वगळले की ‘कमी कर्बोदकांचा’ गोळा तयार होतो.

‘मटण’ म्हणजे नेमके काय?

प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ४ उष्मांक (किलोकॅलरी) मिळतात, तर मेदाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९. या एका हिशेबावर पुढील सारे अवलंबून आहे. मांसात कर्बोदके जवळजवळ नसतात. त्यामुळे खिम्यातील उष्मांक प्रथिने आणि मेद या दोघांतच वाटले जातात आणि एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेले, डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांचे भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पुस्तक अनेक दशके प्रमाण मानले जात होते. त्यात बोकडाचे मांस आणि मेंढीचे मांस यांची नोंद वेगळी आहे. बोकडाच्या १०० ग्रॅम मांसात २१.४ ग्रॅम प्रथिने, ३.६ ग्रॅम मेद आणि ११८ उष्मांक. मेंढीच्या तेवढ्याच मांसात १८.५ ग्रॅम प्रथिने, १३.३ ग्रॅम मेद आणि १९४ उष्मांक. आपण बाजारात दोहोंनाही ‘मटण’ म्हणतो. संस्थेने २०१७ मध्ये नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत खांदा, मांडी अशा भागांची स्वतंत्र नोंद आहे, कारण एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या भागांतही चरबी सारखी नसते. ढोबळ अंदाजासाठी जुने आकडे आजही उपयोगी पडतात.

आता अमेरिकी कृषी खात्याचा तक्ता पाहा. तेथे दुकानात मिळणाऱ्या मेंढीच्या कच्च्या खिम्यात १०० ग्रॅममागे १६.६ ग्रॅम प्रथिने, तब्बल २३.४ ग्रॅम मेद आणि २८२ उष्मांक आहेत. ८० टक्के मांस व २० टक्के चरबी या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या गोमांसाच्या खिम्याचे आकडे १७.२ ग्रॅम प्रथिने आणि २५४ उष्मांक असे आहेत. इंग्रजी पाककृती आणि मोबाईलवरील उष्मांक मोजणारी बरीच अ‍ॅप्स असेच आकडे गृहीत धरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैलाच्या मांसावरही बंदी आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या घरात या पाककृती बोकडाच्या किंवा कोंबडीच्या खिम्यावर केल्या जातात आणि अ‍ॅपमधील आकडा मात्र भलत्याच मांसाचा राहतो. चूक कधी अधिक बाजूची होते, कधी उणे बाजूची.

शिवाय खाटकाकडील खिम्यावर काही छापलेले नसते. तयार करून ठेवलेल्या खिम्यात चरबी किती घातली आहे हे नजरेने ठरवावे लागते. पांढऱ्या कणांचे प्रमाण जास्त दिसले तर तो मेंढीच्या आकड्याकडे झुकतो असे समजावे. मांडीचा तुकडा निवडून, वरची चरबी काढून घेऊन समोर खिमा करून घेणे हा जुन्या गृहिणींचा आग्रह पोषणशास्त्राच्या कसोटीवरही उतरतो. कोंबडीलाही हेच लागू आहे. अमेरिकी तक्त्यानुसार कातडीविरहित छातीच्या मांसात २२.५ ग्रॅम प्रथिने आणि २.६ ग्रॅम मेद असतो, तर दुकानातील कोंबडीच्या सरसकट खिम्यात १७.४ ग्रॅम प्रथिने आणि ८.१ ग्रॅम मेद. ‘चिकन म्हणजे हलके’ ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे.

अर्ध्या किलोचा हिशेब

अर्धा किलो बोकडाचा खिमा, एक अंडे, एक मध्यम कांदा, आले-लसूण आणि कोथिंबीर एवढ्यावर वीस गोळे वळले, पीठ-पाव काहीच घातले नाही, असे समजू. वरील आकड्यांनुसार या मिश्रणात सुमारे ११५ ग्रॅम प्रथिने, २३ ग्रॅम मेद, १५ ग्रॅम कर्बोदके आणि ७३० उष्मांक येतात. ही कर्बोदके मुख्यतः कांदा-लसणाची. पाच गोळ्यांच्या वाढपात २९ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅमच्या आत कर्बोदके आणि सुमारे १८० उष्मांक मिळतात. एकूण उष्मांकांपैकी ६३ टक्के प्रथिनांचे असतात. ‘हाय प्रोटिन’ हे बिरुद येथे शोभते.

याच कृतीत मेंढीचे मांस वापरले, तर पाच गोळ्यांतील कर्बोदके तीच राहतात. प्रथिने २५ ग्रॅमवर येतात, मेद १८ ग्रॅमवर जातो आणि उष्मांक २७५ च्या पुढे. अमेरिकी दुकानातील चरबीयुक्त खिमा घेतला तर प्रथिने २३ ग्रॅम, मेद ३० ग्रॅम आणि उष्मांक ३८५ च्या घरात. पहिल्या आणि तिसऱ्या ताटलीतील गोळे दिसायला सारखे, कर्बोदकांचा आकडा समान. उष्मांक मात्र दुपटीहून अधिक. वजन कमी करण्यासाठी ‘लो कार्ब’ खाणाऱ्याचे वजन का हलत नाही, या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडते.

यात तेल धरलेले नाही. एका मोठ्या चमच्यात १३ ते १४ ग्रॅम तेल म्हणजे १२० उष्मांक. तव्यावर थोड्या तेलात परतलेले, ओव्हनमध्ये भाजलेले किंवा सरळ उकळत्या रश्श्यात सोडलेले गोळे आणि कढईत तळलेले गोळे यांना एकाच रांगेत बसवता येत नाही.

हिशेबात आणखी एक चूक सर्रास होते. शिजताना मांसातील पाणी निघून जाते आणि १०० ग्रॅम कच्च्या मांसाचे साधारण ७५ ग्रॅम उरते. प्रथिने तेवढीच राहतात, फक्त कमी वजनात दाटतात. म्हणूनच अमेरिकी तक्त्यात बोकडाच्या कच्च्या मांसात २०.६, तर भाजलेल्या मांसात २७.१ ग्रॅम प्रथिने दिसतात. गोळे कच्चे असताना वजन करायचे आणि आकडा शिजलेल्या मांसाचा लावायचा, असे केले की कागदावर प्रथिने वाढतात, पोटात नाही.

पाव काढला तर गोळा टिकतो कसा?

पाव किंवा पीठ केवळ काटकसरीसाठी घालत नाहीत. भिजलेल्या पावातील पिष्ट पाणी धरून ठेवते आणि मांसातील प्रथिनांचे धागे एकमेकांना घट्ट आवळू देत नाही. त्यामुळे गोळा मऊ राहतो. ते वगळले की गोळा कडक, कोरडा होतो आणि कधी कधी रश्श्यात फुटतो. यावर उपाय मिठाचा. मीठ घालून खिमा चांगला मळला की मांसातील काही प्रथिने विरघळून चिकट होतात आणि शिजताना तीच गोळ्याला बांधून ठेवतात. मिश्रण तासभर शीतकपाटात ठेवले तर वळायला सोपे जाते. किसून, दाबून पाणी काढलेला दुधी किंवा बारीक चिरलेली कोबी यांनी ओलावा टिकतो आणि कर्बोदके नाममात्र वाढतात. विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी घरोघरी असलेले जवस भाजून, कुटून घातले तरी चालते. जवसात १०० ग्रॅममागे २९ ग्रॅम कर्बोदके दिसतात खरी, पण त्यांतील २७ ग्रॅम चोथाच असतो.

पाव आणि डाळे यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. वरील अर्ध्या किलोत पावाचे दोन काप (सुमारे ५० ग्रॅम) घातले तर साधारण २५ ग्रॅम कर्बोदके आणि चार-साडेचार ग्रॅम प्रथिने वाढतात. तेवढ्याच वजनाचे डाळ्याचे पीठ घातले तर कर्बोदके २९ ग्रॅम आणि प्रथिने ११ ग्रॅम. कर्बोदकांच्या दृष्टीने दोघेही जवळपास सारखे. तरीही डाळे प्रथिने अडीचपट देते, चोथा देते आणि त्यातील पिष्ट मैद्यापेक्षा सावकाश पचते. शिवाय हा भार वीस गोळ्यांत विभागला जातो. पाच गोळ्यांच्या वाट्याला डाळ्यापायी येणारी जादा कर्बोदके सात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या पावाच्या कापाहून थोडी अधिक. त्यांच्यासाठी आजीची कृती बाद करण्याचे कारण दिसत नाही.

खरी कर्बोदके ताटात असतात. मुंबईत खिम्यासोबत जो पाव येतो, त्यातील एका पावात २० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात आणि एकावर कोणी थांबत नाही. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ४२ ग्रॅम, ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३६ ग्रॅम. टोमॅटो केचपच्या एका मोठ्या चमच्यातही चारेक ग्रॅम असतात. म्हणजे पीठविरहित पाच गोळ्यांत मिळून जेवढी, तेवढी एका चमचा केचपमध्ये! गोळ्यातून पाव काढायचा आणि तो गोळा पावासोबत खायचा, यात साध्य काहीच होत नाही.

वेष्टनावरील शब्द

गोठवलेले तयार गोळे घेताना वेष्टनावरील मोठ्या अक्षरांपेक्षा मागील बारीक तक्ता वाचावा. भारतात २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दैनंदिन शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असली तर ‘हाय प्रोटिन’ म्हणता येते. पुरुषासाठी दिवसाची शिफारस ५४ ग्रॅम धरली तर ही मर्यादा ११ ग्रॅमच्या आसपास येते. कोणताही साधा खिमा ती सहज ओलांडतो. युरोपीय संघाचा नियम वेगळा आहे. तेथे एकूण उष्मांकांपैकी किमान २० टक्के प्रथिनांचे असावे लागतात. पण वर पाहिलेला तिसरा, ३० ग्रॅम मेदाचा गोळाही २३ टक्क्यांवर असल्याने तेथेही उत्तीर्ण होतो. ‘लो कार्ब’ या शब्दांची तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही व्याख्या केलेली नाही. तयार गोळ्यांत सोडियमचा आकडा अवश्य पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि मीठ हेच बांधणीचे व टिकवण्याचे साधन असल्याने तयार मालात ते हात राखून घातले जात नाही.

प्रथिनांपलीकडे

अ‍ॅपवर न दिसणारी खिम्याची दोन देणी मोलाची आहेत. बोकडाच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २.८ मिलिग्रॅम लोह आणि ४ मिलिग्रॅम जस्त असते. शिवाय वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या न मिळणारे बी-१२ जीवनसत्त्वही त्यात आहे. पालेभाजीतही लोह असते, परंतु मांसातील लोहाचा बराचसा भाग शरीरात सहज शोषला जाईल अशा रूपात असतो. इतकेच नव्हे, तर सोबत खाल्लेल्या डाळीतील आणि भाकरीतील लोह शोषून घेण्यासही मांसामुळे मदत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेता मांसाहारी घरातील मुली आणि सुनांच्या ताटात चार गोळे पडणे वजन घटवणाऱ्या पुरुषाच्या ताटापेक्षा अधिक निकडीचे आहे. चोथा मात्र मांसात शून्य. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवते. ते भाजी, डाळ, फळे आणि धान्यांतूनच यायचे असतात. गोळ्यांसोबत काकडी-गाजराची कोशिंबीर किंवा पालेभाजी असावी ती यासाठी.

बोकड आणि मेंढी दोन्ही ‘लाल मांस’ या गटात मोडतात. जागतिक कर्करोग संशोधन निधी शिजलेल्या लाल मांसाची आठवड्याची मर्यादा ३५० ते ५०० ग्रॅम सांगतो. घरच्या ताज्या खिम्याचे गोळे ‘प्रक्रिया केलेले मांस’ ठरत नाहीत. खारवलेले, धुरावलेले किंवा रासायनिक परिरक्षक घातलेले मांस त्या गटात येते आणि त्याचा आतड्याच्या कर्करोगाशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवला आहे.

शाकाहारी पर्यायांबाबत गोंधळ अधिक आहे. कोरड्या सोया खिम्यात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात हे खरे, पण भिजल्यावर त्याचे वजन सुमारे तिपटीने वाढते आणि १०० ग्रॅम भिजलेल्या सोयात १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ११ ग्रॅम कर्बोदके उरतात. तरीही तो पर्याय चांगलाच. पनीरच्या १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रथिने आणि २१ ग्रॅम मेद. म्हणजे त्याचे उष्मांक मुख्यतः मेदाचे. दुधी कोफ्त्यात प्रथिने असतील तर ती बेसनाची आणि उष्मांक असतील तर ते तेलाचे. त्याला चवीसाठी खावे.

मधुमेहींसाठी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीतील सुमारे १ लाख २१ हजार प्रौढांच्या आहाराचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या आहारातील ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्के, असे त्यात दिसून आले. कर्बोदके कमी करावीत या सल्ल्याला यातून बळ मिळते. मात्र याच अभ्यासाने पुढे असे दाखवले, की कर्बोदकांचे ५ टक्के उष्मांक कमी करून ती जागा डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांनी भरली तर मधुमेहाची शक्यता घटते. लाल मांसाने किंवा मेदाने भरली तर तसा लाभ दिसत नाही. हा निष्कर्ष पाहणीतील आकड्यांच्या विश्लेषणाचा आहे, प्रत्यक्ष प्रयोगाचा नव्हे. तरीही रोज दोन्ही वेळा खिमा खाऊन साखर आटोक्यात ठेवण्याच्या बेतावर त्याने प्रश्नचिन्ह लावले आहे. मधुमेहींना कमी कर्बोदकांचा आहार दिलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला होता. सहा महिन्यांपर्यंत साखर उतरण्याचा फायदा ठळक होता. वर्षअखेरीस तो बराच ओसरला होता.

औषधे चालू असलेल्यांनी अधिक सावध राहावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याने एकाएकी भात-पोळी बंद केली आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांवर कर्बोदके जवळजवळ बंद केल्यास रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर विकार संभवतो आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने निदान चुकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे आवश्यक असते. आहार बदलण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

मूत्रपिंडांचा प्रश्न याहून अधिक दबक्या पावलांनी येतो. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. बोकडाच्या पाच गोळ्यांतून त्यातील निम्म्याहून अधिक भागतात. शरीर कमावणाऱ्यांची गरज जास्त असते, परंतु प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना वाढीव लाभ आढळलेला नाही. ज्याची मूत्रपिंडे मंदावू लागली आहेत त्याच्यासाठी मर्यादा वेगळी. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णांनी किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास राहावे आणि विकार वाढण्याचा धोका असल्यास १.३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. दिवसात दहा गोळे, दोन अंडी आणि दुधाच्या प्रथिनांच्या पावडरीचा एक डाव एवढ्यातच ९० ग्रॅमहून अधिक प्रथिने होतात. ६० किलोच्या माणसासाठी किलोमागे दीड ग्रॅम, तेही डाळ-भाकरी न मोजता. मधुमेह हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्यांतून ते कळते. बेत आखण्याआधी या तपासण्या झालेल्या असाव्यात.

शिजवताना

मांसाच्या अखंड तुकड्यावरील जंतू बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. त्यामुळे वरून खरपूस, आतून गुलाबी हा प्रकार गोळ्याच्या बाबतीत धोक्याचा. अमेरिकेत १९९३ मध्ये अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या हॅम्बर्गरमधून पसरलेल्या ई-कोलाय जंतूच्या साथीत सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. गोळ्याच्या मध्यभागी मटणासाठी ७१, तर कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सियस तापमान गाठले जावे, असा तेथील कृषी खात्याचा दंडक आहे. केवळ रंगावरून हे ठरवता येत नाही. आपल्याकडे रश्श्यात झाकण ठेवून शिजवण्याची जी पद्धत आहे, ती या बाबतीत तव्यापेक्षा भरवशाची. कच्चा खिमा शीतकपाटात एक-दोन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. शिजवलेले गोळे तीन-चार दिवस टिकतात आणि पुन्हा खाताना ते पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावे लागतात.